एका पेशाला एकच खुर्ची

आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली नसती, तर मी एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शाखेची संस्थापक झाले नसते. आणि संस्थापक झाले नसते, तर त्याच शाखेतून अठरा दिवसांत बाहेरही पडले नसते. लोक हळूच विचारतात, "तुम्हाला काढलं का हो?" काढलं वगैरे काही नाही. मी माझ्या पायांनी बाहेर पडले. आता पाय ठेवायला आत जागाच उरली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मी शाळेत भूगोल शिकवते. त्या संध्याकाळी बेचाळीस वह्यांची पिशवी घेऊन घरी येत होते, तेवढ्यात लिफ्टनं एक उचकी दिली आणि ती थांबली. धोक्याची घंटा दाबली तर वाजेना. मुलं ती उगाच वाजवतात म्हणून तिची तार काढून ठेवावी, अशी सूचना चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्या साहेबांनी केली होती. हे गृहस्थ इमारतीच्या कमिटीला आठवड्याला सरासरी तीन लेखी सूचना देतात, म्हणून आम्ही त्यांना सूचनापेटी म्हणतो. मी ओरडायला लागल्यावर सगळ्यांत आधी तेच आले आणि बाहेरून म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. श्वास हळू घ्या. हवा पुरवून वापरा." त्यांच्या मागून आमच्या ह्यांचा आवाज आला, "अगं, किती वेळ लागेल तुला? चहा ठेवू की थांबू?" मी वह्यांवर बसले आणि तपासायला घेतल्या. सहा जणांनी वाळवंटात पाणबुड्या चालवल्या होत्या.

तासाभरानं लिफ्ट वीत वीत करत खाली सरकायला लागली. दार उघडलं तर समोर खाकी शर्टातली, डोक्याला रुमाल बांधलेली, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेली एक बाई. शहाण्या माणसानं अशा वेळी आभार मानून घरी जावं. पण चौकशी हा माझा जन्मजात आजार आहे. मी आतूनच विचारलं, "हे तुम्ही केलंत कसं?"

"वर मोटारीचा ब्रेक सोडायचा आणि चाक हातानं फिरवायचं. बाई, आधी बाहेर तर या."

मी बाहेर आले आणि तिच्या मागोमाग थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. दार मिटलं की वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टवर चिमूटभर धूळ बसली होती, आणि तेवढ्या धुळीपायी चार माणसं उचलणारं ते यंत्र रुसलं होतं, हे तिनं मला बोटावर काढून दाखवलं. बावीस वर्षं ज्या डब्यातून मी वरखाली करतेय त्याच्या डोक्यावर एवढा संसार मांडलेला असतो याची मला कल्पनाही नव्हती. मी एवढे प्रश्न विचारले की शेवटी तिनं मला टॉर्च धरायला दिला. परतताना लिफ्टमधल्या तपासणीच्या कार्डावर तिनं आजची तारीख घातली. सहीची जागा मात्र तशीच सोडली.

"सही?"

"ती भावोजी करतात. उद्या कार्ड दुकानात नेईन. परवाना त्यांचा, हात माझे."

हळूहळू कळलं ते असं. तिचा नवरा आणि दीर मिळून हे काम करायचे. नवरा आजारपणात गेला, तेव्हापासून ती. शहरातल्या साठ-सत्तर लिफ्ट ती एकटी सांभाळते आणि दीर दुकानात बसून सह्या करतात. स्वतःचा परवाना काढायचा तर दुसऱ्या शहरात सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करावा लागतो, राहायचा खर्च, फी, मग परीक्षा. ते काही जमण्यातलं नव्हतं.

"पण दीर वर का चढत नाहीत?"

"कोण जाणे. मी कधी विचारलं नाही."

इतकी वर्षं एकत्र काम करून हे विचारलं नाही! मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या आतेबहिणीला फोन लावला. ती परदेशात पूल बांधते, म्हणजे इंजिनियर आहे, आणि गेली अनेक वर्षं एका संघटनेत आहे. जगभरच्या नोकरी-व्यवसायातल्या बायका त्यात फुकट काम करतात: कुठे मुलींना शिकवायचं, कुठे कायदा बदलून घ्यायचा, कुठे कोर्टात एखादीच्या शेजारी नुसतं जाऊन बसायचं. आमचे हे या सगळ्याला लष्करच्या भाकऱ्या म्हणतात. तर ज्या बाईचं शिक्षण अर्ध्यावर अडलंय तिला पुढं शिकायला ही संघटना मदत देते, एवढं माझ्या डोक्यात होतं.

"देते की," आतेबहीण म्हणाली. "पण शिफारस तिच्या गावातल्या शाखेनं करावी लागते. तुमच्याकडे शाखा आहे?"

"नाही."

"मग काढ. अठरा दिवस आहेत." आणि तिनं फोन ठेवला. पूल बांधणाऱ्या लोकांना सगळं सोपं वाटतं.

संध्याकाळी सात पानांची नियमावली आली. शाखेला किमान बारा सभासद हवेत, आणि बाराही जणींचा पेशा वेगळा हवा. एका पेशाला एकच खुर्ची. यामागचं कारणही दिलं होतं: एकाच पेशाच्या बारा जणी जमल्या की आपल्याच साहेबाबद्दल बोलतात, बारा पेशांच्या जमल्या की एकमेकींना प्रश्न विचारतात. हे वाचून मला त्या संघटनेबद्दल एकदम आपलेपणा वाटला. पाचव्या पानावर मात्र एक कलम होतं: उमेदवाराला त्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव असल्याचं पत्र, ज्याच्या परवान्यावर काम केलं त्याच्या सहीनं.

मी सात पानांची एक प्रत लिफ्टवालीला देऊन विचारलं. ती पाना पुसत म्हणाली, "तेवढं सोडा बाई. ते लिहून दिलं की आजवरच्या कार्डांवरच्या सह्या खोट्या ठरतात. भावोजींचा परवाना जाईल. ते देणार नाहीत आणि मी मागणार नाही."

"पण त्याशिवाय अर्ज—"

"पाठवून तर बघू. नाही म्हणाले तर लिफ्ट कुठं पळून जातायत?" ती हसली खरी, पण पाना पुसून झाला तरी ती पुसतच राहिली. मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या दिराला बाकावर उभं केलं.

बारा बायका म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. माझ्या ओळखीच्या चाळीस बायका आहेत. बसून यादी केली तेव्हा कळलं, त्यांतल्या सदतीस शिक्षिका आहेत. शिक्षिकेची खुर्ची एकच, आणि त्या खुर्चीवर, शाखा काढली मी म्हणून, साहजिकच मी बसले होते. शिक्षकांच्या खोलीत ही बातमी पोचली आणि माझ्या चहाच्या कपात कोणी साखर घालेना. गणिताच्या बाई म्हणाल्या, "गणित आणि भूगोल हे वेगळे पेशे नाहीत असं कोण म्हणतं?" शिवणाच्या बाईंनी आपण शिक्षिका नसून तंत्रज्ञ असल्याचं जाहीर केलं. सूचनापेटींनी जिन्यात गाठून सुचवलं, की त्यांच्या मिसेस निवृत्त शिक्षिका आहेत, आणि निवृत्त हा वेगळा पेशा धरता येईल. शिवाय एक पुरुषांची सल्लागार समिती हवीच, तिचं अध्यक्षपद ते नाइलाजानं स्वीकारतील.

मग मी रस्त्यावर उतरले. शाळा सुटली की वही घेऊन निघायचं आणि दिसेल त्या बाईला विचारायचं, "तुम्ही काय काम करता?" आमचे हे म्हणाले, "एक दिवस मार खाशील." मार कोणी दिला नाही. उलट असं झालं, की बायका आधी संशयानं बघायच्या आणि मग अर्धा अर्धा तास बोलायच्या, कारण हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसायचा. दुकानातले वजनकाटे तपासणारी एक बाई मिळाली. तिनं सांगितलं की खोटा काटा हातात घेताच कळतो, पण स्वतः ती कधी वजनाला उभी राहत नाही. मधमाश्यांची पोळी काढणारी मिळाली. माश्या माणसाच्या श्वासावर चिडतात, म्हणून ती पोळ्याजवळ तोंड उघडत नाही. कसर मात्र खाली उतरल्यावर भरून काढते. हवामान खात्यातली मिळाली, ती छत्री वापरत नाही. का, ते तिनं सांगितलं नाही, आणि ते मला अजून छळतंय. गोदामात क्रेन चालवणारी मिळाली. ती सकाळपासून पाणी पीत नाही, कारण क्रेनवरून उतरून बायकांच्या मोरीपर्यंत जायला आणि परत चढायला वीस मिनिटं लागतात आणि साहेब घड्याळ घेऊन उभा असतो. हे ती अगदी सहज सांगत होती. मी वहीत लिहून घेतलं आणि माझंच पेन थोडा वेळ चाललं नाही. बायकांचे हक्क हा शब्द मी नियमावलीत तेवीस वेळा वाचला होता, पण तो मला त्या क्रेनखाली उभी असताना कळला.

बसचालक, दंतवैद्य, वकील, नर्स, औषधांच्या दुकानातली, छापखानेवाली. या सहा जणी आणि आधीच्या चार मिळून दहा. अकरावी मी. बारावी, म्हणजे खरं तर यादीत सगळ्यांत वर, मोठ्या अभिमानानं मी लिफ्टवालीचं नाव घातलं. सातव्या दिवशी बारा नावं पूर्ण! ह्यांना मी वही दाखवली. ते म्हणाले, "जेवायला वाढतेस का?" घरातल्या माणसांना इतिहास घडताना दिसत नाही.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात. आमच्या शाखेला अठराशे निघाली, आणि त्यांतली निम्मी संस्था-नोंदणी कार्यालयाच्या खिडकी क्रमांक तीनवर बसलेली होती. खिडकीत एक चष्म्यावरून बघणारी बाई होती. लिपिक. तिच्या टेबलावर एक शिक्का, एक शाईचा डबा आणि एक वाळलेलं रोप.

"उद्देश?"

"स्त्रियांचे हक्क."

"तसा रकाना नाही. क्रीडा, करमणूक, कला किंवा पाळीव प्राणी."

"पण आम्ही—"

"इतर म्हणून एक आहे. त्याला वेगळा अर्ज. खिडकी सात."

खिडकी सात दर मंगळवारी उघडते. त्या दिवशी बुधवार होता. मी पुढच्या मंगळवारी गेले तेव्हा खिडकी सातच्या मागेही तीच बाई येऊन बसली. मी म्हटलं, "अहो, मग बुधवारीच का नाही घेतला?" ती म्हणाली, "बुधवारी मी खिडकी तीन असते." मी भूगोल शिकवते. एकच नदी दोन देशांत दोन नावांनी वाहते हे मला मान्य करावंच लागतं.

मग तिनं विचारलं, "शाखेचा पत्ता?" मी घरचा दिला. तर इमारतीच्या कमिटीची ना-हरकत हवी. कमिटीची सभा भरली. सूचनापेटींनी चार प्रश्न उपस्थित केले: आंतरराष्ट्रीय म्हणजे परदेशी लोक लिफ्ट वापरणार का? वापरल्यास ज्यादा वजनाची जबाबदारी कोणाची? बारा बायका एका वेळी चढल्या तर? आणि सल्लागार समितीचं काय झालं? ह्यांनी त्या सभेत माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाही. नंतर म्हणाले, "मी तटस्थ होतो." लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर नवरा तटस्थ आहे हे कळणं सोपं नसतं. ना-हरकत नाकारली गेली.

राहिली शाळा. शाळेच्या ग्रंथालयाची खोली शनिवारी रिकामी असते. मी मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आवाज हलका, नजर जड. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "खोली देते. पण शिक्षिकेची खुर्ची कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे, मोठ्या बाई. तुम्हाला मुख्याध्यापिका म्हणून वेगळी खुर्ची देता येईल. प्रशासन हा स्वतंत्र पेशा—"

"म्हणजे मी शिक्षिका नाही?"

झालं. हात दाखवून अवलक्षण. "अठ्ठावीस वर्षं मी सगळीकडे सांगत आलेय, की मी आधी शिक्षिका आहे आणि मग मुख्याध्यापिका. आज तू मला सांगतेस की मी प्रशासन आहे?" त्यांचा आवाज नेहमीसारखा हलका होता, पण डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून मी गडबडले. आम्ही सगळ्या त्यांना घाबरतो. त्या अजून दर मंगळवारी पाचवीच्या वर्गात स्वतः कविता शिकवतात ते हौस म्हणून असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. मलासुद्धा ते कधी विचारावंसं वाटलं नाही, आणि मी म्हणे जिज्ञासू.

घरी आल्यावर मी खूप चिडले. शाखा कोणाची? बायका कोणी शोधल्या? मंगळवार-बुधवार कोणी केले? ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि बऱ्याच वर्षांनी एक सरळ प्रश्न विचारला, "तुला लिफ्टवालीचा अर्ज पाठवायचाय की खुर्चीवर बसायचंय?"

रात्रभर कूस बदलली. खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. त्या बारा जणी गोल बसून एकमेकींना विचारतील आणि मी तिथे नसेन, हे माझ्या फार जिव्हारी लागलं. सकाळी मी माझं नाव खोडलं, मोठ्या बाईंचं लिहिलं आणि शाळेत जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी "ठीक आहे" म्हणून मान हलवली. मग मधल्या सुट्टीत माझ्या कपात स्वतः साखर घातली, दोन चमचे. मी अर्धाच घेते, पण पिऊन टाकला.

तोपर्यंत सोळावा दिवस उजाडला आणि परदेशात पाठवलेल्या यादीला उत्तर आलं. यादी उत्तम आहे, अभिनंदन, परंतु जिची शिफारस करायची ती स्वतः शिफारस करणाऱ्यांत असू शकत नाही. म्हणजे लिफ्टवाली यादीतून बाद! सहाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. पाचवं पान वाचून मी इतकी पेटले होते, की सहावं नुसतं उलटलं होतं. मुलांना मी रोज सांगते, प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा.

अकरा जणी. दोन दिवस. आणि मी स्वतः तर परत आत येऊच शकत नव्हते, कारण शिक्षिकेशिवाय मी दुसरं काही नाही. त्या दुपारी पत्ता बदलल्याचा कागद द्यायला मी खिडकी तीनवर गेले, तेव्हा माझं तोंड पाहून त्या लिपिक बाईंनी पहिल्यांदाच चष्मा काढला.

"आता काय झालं?"

मी सगळं सांगितलं, अगदी लिफ्टमधल्या उचकीपासून. मागे रांग वाढत होती. त्यांनी शिक्का हातात घेतला, ठेवला, परत घेतला. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "तुमच्यात लिपिक आहे का कोणी?"

मी खिडकीतून आत हात घालून त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, सभासदत्वाचा कोरा अर्ज काढला, सुवाच्य अक्षरात भरला, तपासला, आणि फोटो जोडलेला नाही म्हणून स्वतःच्याच अर्जावर त्रुटी काढली. दुसऱ्या दिवशी फोटो लावून परत सादर केला आणि मंजूर केला. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत जलद सरकारी कारवाई होती.

शेवटचा दिवस शनिवार. चार वाजता ग्रंथालयात बारा जणी बसणार, लिफ्टवालीची मुलाखत घेणार, शिफारसपत्रावर सह्या करणार आणि पाचच्या आत सगळे कागद पाठवणार. सभेत सभासद आणि उमेदवार सोडून कोणी बसायचं नाही, असा नियम. मी खोली झाडली, बारा खुर्च्या मांडल्या, तेराव्या खुर्चीवर धुतलेल्या खाकी शर्टातल्या लिफ्टवालीला बसवलं. "पत्र विचारतील ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "बाकीचं खरं खरं सांगा." मग बाहेर येऊन दार लावलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसाठीचा तो बाक. त्यावर मी आजवर शंभरएक मुलं बसवली असतील. फार अरुंद आहे हो तो.

आतून खुर्च्यांचे आवाज येत होते, मधूनच हसू येत होतं, शब्द एकही कळत नव्हता. कशाला हसल्या असतील? मधमाशीवाली काही बोलली का? मी बाकाच्या या टोकावरून त्या टोकावर सरकले. तेवढ्यात जिन्यात एक बुटका, इस्त्रीच्या शर्टातला माणूस दिसला. हातात प्लॅस्टिकचं पाकीट.

"वहिनी आत आहेत?"

हे दीर! माझं डोकं सणकलं. आले शेवटच्या क्षणी मोडता घालायला. आता यांना दारापर्यंत पोचू द्यायचं नाही. आणि माणसाला जागेवर धरून ठेवायची एकच विद्या मला येते.

"बसा," मी म्हटलं. "मला एक सांगा, त्या लिफ्टचे दोर किती दिवसांनी बदलतात?"

ते बसले. "ते वहिनींना माहीत."

"ब्रेक सोडल्यावर डबा आपोआप वर जातो की खाली?"

"वहिनींना विचारावं लागेल."

"मग तुम्हाला काय माहीत आहे हो?" माझा आवाज वर्गातला झाला. "तुम्ही वर का चढत नाही?"

मला वाटलं उठून जातील. पण ते पाकिटाकडे बघत म्हणाले, "हे आजपर्यंत कोणी विचारलंच नाही." मग हळूहळू सांगायला लागले. भाऊ गेल्यावर पहिल्याच महिन्यात ते लिफ्टच्या डब्यावर उभे होते, सातव्या मजल्याशी. खाली पाहिलं आणि डोळ्यांपुढे अंधार आला. पाना पडला. तो खाली आदळल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. वहिनीनं कॉलर धरून त्यांना बाहेर ओढलं, दुसऱ्या दिवशी स्वतः वर गेली, आणि त्याबद्दल पुन्हा कधी अक्षर काढलं नाही. "तेव्हापासून मी जिन्यानंसुद्धा तिसऱ्या मजल्याच्या वर जात नाही, बाई. तुमची शाळा दुमजली आहे म्हणून आलो."

अठरा दिवस मी या माणसाला मनात बाकावर उभं केलं होतं. मला फार शरम वाटली.

त्यांनी पाकिटातून टाइप केलेला कागद काढला. "चार दिवस बरोबर घेऊन फिरतोय. तिनं मागितला नाही. दुकानात तुमची ती सात पानं विसरली होती, त्यात वाचलं. सही केली की माझा परवाना जाणार. दंड होईल तो वेगळा."

"मग लिफ्टचं कसं?"

"सहा महिने दुसऱ्या एकाला सांगितलंय. त्याला नाही जमलं तर लोक जिने चढतील." त्यांनी खिसे चाचपले. "पेन आहे?"

माझ्याकडे वह्या तपासायचं लालच होतं. "लाल चालेल?"

"तुमच्या शाळेत चालतं ना?" ते म्हणाले, आणि पाकीट मांडीवर धरून त्यांनी सही केली. सह्यांची एवढी सवय असलेल्या माणसानं ती पहिलीतल्या मुलासारखी एकेक अक्षर जोडत केली.

पाचला बारा मिनिटं होती. ते म्हणाले, "आत देता?" मी म्हटलं, "मला आत जाता येत नाही." ते म्हणाले, "तुमचीच शाखा ना?" ही हकिगत सांगायला वेळ नव्हता. आम्ही दोघं दारापाशी गुडघ्यांवर बसलो आणि कागद फटीतून आत सारला. अर्ध्यावर तो अडकला. मी ढकलला, त्यांनी ढकलला. मग आतून कोणीतरी तो अलगद ओढून घेतला.

आतली कुजबुज थांबली. लिपिक बाईंचा खिडकीतला आवाज आला, या खेपेला मात्र अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं: "माझ्या परवान्यावरील सर्व लिफ्टची तपासणी व दुरुस्ती गेली नऊ वर्षं माझ्या वहिनींनी एकट्यानं केली आहे. तपासणीच्या कार्डांवर सही माझी असली तरी काम त्यांचं आहे." कोणीतरी नाक ओढलं. मग लिपिक बाई म्हणाल्या, "कागद बरोबर आहे. त्रुटी नाही."

मी डोळे पुसत उठले. दीर मात्र तसेच गुडघ्यांवर बसून बोटं मोजत होते.

"काय झालं?"

"नऊ नाही. दहा झाली. टाइप करताना चुकलं."

"राहू द्या हो! नियमात दोनच लागतात. पाच वाजत आलेत."

"नाही बाई," ते म्हणाले, "दहा म्हणजे दहा." ते उठले, गुडघे झटकले आणि त्यांनी दार ठोठावलं.